मेंढीला लागू पडलेलं औषध

दम्याच्या रुग्णाच्या खिशात जो पंप असतो, त्यातलं औषध म्हणजे साल्ब्युटामॉल. स्वस्त, जुनं, घराघरात ओळखीचं. हेच औषध शिरेतून दिलं तर अत्यवस्थ रुग्णांची पाण्यानं भरलेली फुप्फुसं मोकळी होतील का, हे तपासायला ब्रिटनमधल्या 46 आयसीयूंत एक मोठी चाचणी सुरू झाली. 1334 रुग्ण घ्यायचे ठरले होते. 326 झाले आणि देखरेख समितीनं चाचणी थांबवायला लावली. औषध मिळालेल्यांपैकी 34 टक्के रुग्ण 28 दिवसांच्या आत दगावले होते; नुसतं सलाइन मिळालेल्यांपैकी 23 टक्के. 2012 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे आकडे छापून आले.

या औषधामागे प्राण्यांवर झालेलं जवळपास पंचवीस वर्षांचं काम उभं होतं. मेंढ्या, कुत्री, उंदीर, सगळ्यांकडून एकच उत्तर आलं होतं: फुप्फुसातलं पाणी लवकर ओसरतं. मग ते सगळे प्रयोग खोटे होते का? मला तसं वाटत नाही. मेंढीला जो प्रश्न विचारला, त्याचं तिनं बरोबर उत्तर दिलं. आपण ते उत्तर भलत्याच प्रश्नाखाली लिहून घेतलं.

आधी आजार समजून घेऊ. 1967 च्या ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या ॲशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन या डॉक्टरांनी 12 रुग्णांची हकीकत ‘लॅन्सेट’मध्येच मांडली. कुणाला अपघातात जबर मार बसलेला, कुणाला न्यूमोनिया, कुणाच्या स्वादुपिंडाला सूज. कारणं वेगवेगळी, पण पुढचा प्रवास एकसारखा: धाप लागते, ऑक्सिजन कितीही दिला तरी रक्तात तो चढत नाही, एक्स-रेमध्ये दोन्ही बाजू पांढऱ्या दिसू लागतात, फुप्फुस ताठ होत जातं. बारांतले सात गेले. या अवस्थेला पुढे एआरडीएस हे नाव मिळालं.

आत घडतं ते असं. फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात आणि त्यांना रक्तवाहिन्यांचं जाळं वेढून असतं. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. जंतुसंसर्ग, विष, आम्ल किंवा शरीराचीच बेफाम झालेली दाहक्रिया यांनी ही भिंत जखमी झाली, की रक्तातलं प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशात झिरपतं. मागोमाग पांढऱ्या पेशी येतात. त्या जंतूंना मारण्यासाठी जी रसायनं सोडतात, ती भिंतीलाही सोडत नाहीत. मुंबईत 2005 च्या पुरानंतरचा लेप्टोस्पायरोसिस, पुण्यातला 2009 चा स्वाइन फ्लू, 2020 आणि 2021 चा कोविड या साथींत व्हेंटिलेटरवर गेलेल्या बऱ्याच रुग्णांची फुप्फुसं याच वाटेनं गेली. मलेरिया, स्क्रब टायफस आणि शेतात फवारायचं पॅराक्वाट पोटात जाणं, हीही आपल्याकडची कारणं. 50 देशांतल्या 459 आयसीयूंची एक पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्वांत गंभीर गटातले 46 टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावल्याचं दिसलं.

इतका मोठा आजार, आणि त्याच्यावर जगभर मान्यता मिळालेलं खास औषध एकही नाही. जपाननं पांढऱ्या पेशींतल्या एका विकराला रोखणाऱ्या सिवेलेस्टॅट या औषधाला परवानगी दिली. पण जपानबाहेर 492 रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही आणि ती मध्येच थांबवावी लागली. प्राण्यांमध्ये मात्र गुण दाखवणाऱ्या औषधांची यादी लांबलचक आहे.

ते प्राणी आजारी कसे पडतात? अर्थात पाडावे लागतात. आणि खरी मेख इथेच आहे, कारण आजारी पाडण्याची प्रत्येक पद्धत मूळ आजाराचा एखादाच तुकडा उचलते.

मला यातली सर्वांत आवडती गोष्ट कर्टिस मेंडेलसनची. न्यूयॉर्कमधला हा प्रसूतितज्ज्ञ. बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांच्या पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जायचं आणि त्यांना दम्यासारखी भयंकर धाप लागायची. 1946 साली त्यानं 44,016 बाळंतपणांतल्या अशा 66 घटना नोंदवल्या आणि मग सशांकडे वळला. सशांच्या फुप्फुसात त्यानं पोटातला आंबट द्रव घातला, तेव्हा ससे तसेच धापा टाकू लागले. द्रवातलं आम्ल आधी मारून घातलं, तर तो प्रकार झाला नाही. म्हणजे इजा अन्नाच्या कणांपेक्षा आम्लामुळे होत होती. ऑपरेशनच्या आधी ‘रात्रीपासून काही खायचं नाही’ ही सूचना आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती इतक्या कडकपणे पाळण्यामागे या सशांचाही वाटा आहे. प्रश्न नेमका होता, ससा त्याचं उत्तर देऊ शकत होता, आणि उत्तर इजा होण्याआधी वापरायचं होतं. असा योग पुढे फार वेळा जुळला नाही.

दुसरी पद्धत ओलेइक ॲसिडची. मांडीचं हाड मोडलं की मज्जेतली चरबी रक्तात शिरून फुप्फुसात अडकते. त्याची नक्कल म्हणून कुत्र्यांच्या, मेंढ्यांच्या, डुकरांच्या शिरेत हे स्निग्धाम्ल टोचतात. बघता बघता भिंत फुटते, पाणी भरतं. चित्र हुबेहूब, पण रुग्णांमध्ये चरबी अडकून आजारी पडणारे थोडे. तिसरी लाखमान, रॉबर्टसन आणि फोगेल यांची, 1980 ची. गिनिपिगच्या फुप्फुसात कोमट सलाइन पुन्हा पुन्हा भरून काढून घ्यायचं. वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूला सर्फॅक्टंट नावाचा थर असतो, तो त्यानं धुऊन निघतो. फुप्फुस मिटतं, ऑक्सिजन कोसळतो. दाह मात्र सुरुवातीला फारसा नसतोच. उंदराच्या आतड्याचा अंधांत्र नावाचा भाग बांधून त्याला सुईनं भोक पाडण्याचीही एक पद्धत आहे. पोटात विष्ठा पसरते आणि अपेंडिक्स फुटल्यावर होतो तसा जंतुदोष सुरू होतो. माणसाच्या जंतुदोषाच्या हे सर्वांत जवळ, पण उंदराचं फुप्फुस त्यात बेताचंच बिघडतं.

सर्वांत जास्त वापर मात्र एन्डोटॉक्सिनचा. काही जिवाणूंच्या कवचातला हा पदार्थ बाटलीत मिळतो, मोजून देता येतो, सगळ्या उंदरांना सारखा मिळतो. प्रयोग करणाऱ्याला याहून काय हवं! पण इथे प्राण्या-प्राण्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. माणसाला दर किलो वजनामागे 2 ते 4 नॅनोग्रॅम दिलं तरी थंडी-ताप येतो. स्वयंसेवकांवर तेवढंच देऊन अभ्यास होतात. उंदराला मारायला मिलिग्रॅममध्ये मात्रा लागते, म्हणजे लाखो पटींनी जास्त. उलट मेंढी त्याला फारच हळवी. मेंढी, डुक्कर, गाय यांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये काही भक्षक पेशी कायम चिकटून बसलेल्या असतात. एन्डोटॉक्सिन तिथेच पकडलं जातं आणि फुप्फुस पेटतं. माणसात अशा पेशी तिथे एरवी तळ ठोकून नसतात. एकच विष, पण उंदराच्या कागदावर वेगळी गोष्ट लिहिली जाते आणि मेंढीच्या कागदावर वेगळी.

तरी मेंढी संशोधकांची लाडकी झाली, ती तिच्या आकारामुळे आणि स्वभावामुळे. सॅन फ्रान्सिस्कोत नॉर्मन स्टाउब यांच्या प्रयोगशाळेनं मेंढीच्या फुप्फुसातून निघणारा लसिकाद्रव बारीक नळीनं बाहेर आणून दिवसचे दिवस मोजायची युक्ती बसवली. भिंत किती गळते आहे, हे जिवंत प्राण्यात आकड्यांत कळू लागलं. त्याच प्रयोगशाळेत मायकल मॅथे यांनी उलटा प्रश्न विचारला: आत आलेलं पाणी बाहेर कसं जातं?

त्यासाठीचा प्रयोग साधा आणि देखणा होता. भूल दिलेल्या मेंढीच्या फुप्फुसात तिचाच रक्तद्रव सोडायचा आणि काही तासांनी उरलेला द्रव परत काढून त्यातलं प्रथिन मोजायचं. प्रथिन मागे राहतं, पाणी निघून जातं. म्हणजे प्रथिन जितकं दाट झालं तितकं पाणी ओसरलं. दाब किंवा परासरणानं हे जमण्यासारखं नव्हतं, कारण प्रथिन दाट होत असतानाही पाणी बाहेरच जात होतं. अर्थ असा की वायुकोशाच्या पेशी स्वतः काम करत होत्या: सोडियम आत ओढायचा, दुसऱ्या बाजूनं बाहेर ढकलायचा, त्याच्या मागे पाणी जायचं. 1987 साली साल्ब्युटामॉलच्याच जातीतलं टर्ब्युटालिन दिल्यावर हा उपसा वाढला. सोडियमची वाट अडवणारं अमिलोराइड दिल्यावर मंदावला. फुप्फुसाच्या शरीरक्रियाशास्त्रातल्या उत्तम कामांत हे काम मोडतं आणि त्यातलं काहीही आजवर खोटं ठरलेलं नाही.

पुढचं पाऊलही शहाणपणाचं होतं. 2001 मध्ये मॅथे आणि लॉरेन वेअर यांनी माणसांकडे पाहिलं: ज्यांच्या फुप्फुसातून पाणी जोमानं ओसरत होतं, ते जास्त वाचत होते. बहुतेकांमध्ये मात्र हा उपसा मंदावलेला होता. मग उपसा वाढवणारं औषध द्यावं, हे ओघानंच आलं. बर्मिंगहॅममध्ये 40 रुग्णांवर शिरेतून साल्ब्युटामॉल देऊन पाहिलं, आणि 2006 मध्ये जाहीर झालेल्या निकालात सातव्या दिवशी फुप्फुसातलं पाणी खरोखरच कमी दिसलं. त्यानंतरच ती 46 आयसीयूंची चाचणी.

आता मेंढीकडे परत पाहा. तिचं फुप्फुस निरोगी होतं. पाणी बाहेरून ओतलेलं, भिंत शाबूत, पेशी धडधाकट. तळघरात पावसाचं पाणी शिरलं तर मोठा पंप लावून ते उपसता येतं. पण तळघराची भिंतच ढासळली असेल आणि पंपही चिखलात रुतला असेल, तर विजेचा दाब वाढवून काय होणार? पुढे इजा केलेल्या प्राण्यांतही औषधाचा गुण दिसला होता, हे खरं. पण ते प्राणी तरुण होते, इजा ताजी होती, प्रयोग काही तासांचा होता. रुग्ण मात्र दिवसचे दिवस आजारी, हृदय आधीच थकलेलं. औषधाच्या ज्या गुणानं सोडियमचा उपसा वाढतो, त्याच गुणानं हृदय धावतं, ठोके चुकतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. शिरेतून सात दिवस दिलेल्या मात्रेला रुग्णांचं शरीर हेच उत्तर देत होतं. अमेरिकेत हेच औषध वाफेतून देणारी वेगळी चाचणी 282 रुग्णांनंतर थांबली. तिच्यात फायद्याची चिन्हंच नव्हती.

औषध कधी द्यायचं, हा प्रश्न स्टेरॉइडच्या बाबतीत आणखी उघडा पडतो. मेंढीला आधी मिथाइलप्रेडनिसोलोन देऊन मग एन्डोटॉक्सिन दिलं, तर फुप्फुस बरंच वाचत होतं. 1987 मध्ये बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी 99 रुग्णांवर प्रचंड मात्रा वापरून पाहिली: औषध मिळालेल्यांत मृत्यू 60 टक्के, न मिळालेल्यांत 63. फरक नाहीच म्हणायचा. आयसीयूच्या दाराशी येणारा कुठलाही रुग्ण ‘उद्या मला जंतुदोष होणार आहे, आज इंजेक्शन द्या’ असं सांगत येत नाही. तरीही कितीतरी प्रयोगांत औषध इजेच्या आधी किंवा तिच्याबरोबरच दिलेलं असतं. उपचार म्हणून छापलेली ती खरं तर प्रतिबंधाची गोष्ट असते.

स्टेरॉइडची कहाणी तिथे संपत नाही आणि ती माझ्या युक्तिवादाला थोडी अडचणीचीही आहे. 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं दिवसाला अवघं 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलं. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांत मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. कल असलाच तर उलट्या दिशेला होता. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत सौम्य तापालाही स्टेरॉइड सुरू करण्याचा सपाटा लागला होता, तो लावणाऱ्यांनी हा दुसरा आकडा वाचलाच नसावा. मात्रा किती, कोणत्या रुग्णाला, आजाराच्या कोणत्या दिवशी, या प्रश्नांची उत्तरं शेवटी हजारो माणसांवरच्या चाचणीनं दिली. ती मेंढीकडून येणार नव्हती.

आणखी एक फसवं माप म्हणजे ऑक्सिजन. नायट्रिक ऑक्साइड हा वायू श्वासातून दिला तर हवा पोचणाऱ्या भागातल्याच रक्तवाहिन्या सैल होतात. 1991 मध्ये कोकरांवर हे दिसलं, 1993 मध्ये दहा रुग्णांवरही. रक्तातला ऑक्सिजन वाढला. 2004 च्या 385 रुग्णांच्या चाचणीत जगण्यावर परिणाम शून्य. सर्फॅक्टंटचंही तेच. मुदतीआधी जन्मलेल्या सशांच्या पिल्लांवर एन्हॉर्निंग आणि रॉबर्टसन यांनी 1972 मध्ये ते वापरलं, 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी दहा बाळांना दिलं, आणि आज नवजात अर्भकांच्या वॉर्डात ते जीव वाचवतं. कारण त्या बाळांत सर्फॅक्टंट तयारच झालेलं नसतं, कमतरता हाच आजार. मोठ्यांत ते दाहामुळे बिघडतं, आणि दाह चालूच राहिला तर वरून घातलेलंही बिघडणार. 1996 मध्ये 725 मोठ्या रुग्णांना कृत्रिम सर्फॅक्टंट देऊन पाहिलं. जगणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. सलाइननं धुतलेल्या गिनिपिगला सर्फॅक्टंट लागू पडतं यात नवल काय? आपणच तर ते धुऊन काढलेलं असतं.

जगणं-मरणं हे माप प्राण्यांत का घेत नाहीत, असं कुणी विचारेल. अनेकदा घेता येत नाही आणि घेऊही नये. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेली तत्त्वं, म्हणजे पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा, ही आज सगळीकडे मानली जातात. भारतातही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीच्या देखरेखीतच प्रयोग होतात. अंतिम घटका मोजणाऱ्या प्राण्याला तडफडत ठेवत नाहीत, आधीच वेदनारहित मरण देतात. हे योग्यच आहे. पण मग ‘वाचला’ या शब्दाऐवजी सूज, पेशींची संख्या, ऑक्सिजन अशी बदली मापं वापरावी लागतात.

या सगळ्यात प्राण्यांनी आपल्याला एक फार मोठी गोष्ट दिली, आणि ती औषध नव्हती. 1974 मध्ये वेब आणि टियर्नी यांनी निरोगी उंदीर व्हेंटिलेटरवर ठेवले आणि जास्त दाबानं हवा भरली. तासाभराच्या आत त्यांची फुप्फुसं पाण्यानं भरली. जंतू नाही, विष नाही, फक्त व्हेंटिलेटर. श्वास सोडल्यावरही थोडा दाब टिकवून ठेवला, तर बराच बचाव होत होता. 1988 मध्ये ड्रेफ्यूस आणि सोमाँ यांनी उंदरांच्या छातीभोवती पट्टा आवळला: दाब तोच, पण फुप्फुस फुगू शकेना, आणि इजा टळली. म्हणजे दोष फुप्फुस जास्त ताणण्याचा. त्या काळात आयसीयूंत रुग्णांना मोठाले श्वास देण्याचीच पद्धत होती. मग 2000 साली अमेरिकेत 861 रुग्णांवर चाचणी झाली: शरीराच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोला 12 मिलिलिटरऐवजी 6 मिलिलिटर हवा. मृत्यू 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर. पालथं झोपवण्याचंही तसंच. ओलेइक ॲसिड दिलेल्या कुत्र्यांत 1987 मध्ये त्याचा फायदा दिसला होता, आणि 2013 मध्ये फ्रान्स आणि स्पेनमधल्या 466 गंभीर रुग्णांत मृत्यू निम्म्यावर आले. कोविडमध्ये टीव्हीवर पोटावर झोपलेले रुग्ण आपण पाहिले, ते त्या निकालानंतरचे.

हे इथे का जमलं? कारण ताण, दाब, वजन यांचे नियम उंदराला आणि माणसाला सारखेच लागू. रोगप्रतिकाराचं तसं नाही. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल निम्म्याहून जास्त, उंदरात ते बरेच कमी आणि लिम्फोसाइटच जास्त. माणसात न्यूट्रोफिलना बोलावणारं आयएल-8 हे महत्त्वाचं प्रथिन उंदरात नाहीच. त्याची कामं दुसरी प्रथिनं करतात. 2013 मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाहातल्या जनुकांची तुलना करून उंदीर माणसाची नक्कल फारच वाईट करतो असं लिहिलं. दोन वर्षांनी जपानच्या ताकाओ आणि मियाकावा यांनी तीच माहिती वेगळ्या पद्धतीनं तपासून नक्कल उत्तम असल्याचं त्याच नियतकालिकात छापलं! दोघांची आकडेमोड मांडण्याची रीत वेगळी होती, एवढाच सुज्ञ निष्कर्ष.

माझ्या मते उंदराच्या जातीपेक्षा त्याचं आयुष्य जास्त गोंधळ घालतं. प्रयोगातला उंदीर दोन-तीन महिन्यांचा, एकाच वंशातला, रोगजंतूंपासून जपलेल्या पिंजऱ्यात वाढलेला. आयसीयूतला रुग्ण साठीचा, मधुमेही, वीस वर्षं विडी ओढलेला, आधीच दोन अँटिबायोटिक, सलाइन आणि व्हेंटिलेटरवर. तो उंदीर बहुतेकदा व्हेंटिलेटरवर नसतो, आणि त्याला अँटिबायोटिकही सहसा कुणी देत नाही.

सुधारणा होत आहेत. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या 2011 च्या निवेदनानं प्राण्यात ‘फुप्फुसाची तीव्र इजा’ म्हणायला चार खुणा सांगितल्या: ऊतींची दिसणारी इजा, भिंतीची गळती, दाह आणि कामात बिघाड, चारांपैकी किमान तीन हव्यात. एकट्या आम्लाऐवजी आम्ल, मग जंतू, मग व्हेंटिलेटर अशी एकावर एक इजा करून पाहिली जाते. प्रत्यारोपणासाठी नाकारलेली माणसाची फुप्फुसं यंत्रावर काही तास जिवंत ठेवून त्यांवर औषधं तपासली जातात. हार्वर्डमधल्या डोनाल्ड इंगबर यांच्या गटानं माणसाच्या पेशींची भिंत लवचीक चिपवर वाढवली. 2012 मध्ये तिच्यावर त्यांनी इंटरल्यूकिन-2 या कर्करोगावरच्या औषधामुळे फुप्फुसात पाणी भरतं ते घडवून दाखवलं, आणि चिपला श्वासासारखा ताण दिला की गळती वाढते हेही. भारतानं 2023 मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत अशा पद्धतींना जागा दिली.

रुग्णांकडे पाहण्याची पद्धतही बदलते आहे. कॅरोलिन कॅलफी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये जुन्या चाचण्यांची माहिती चाळून एआरडीएसचे दोन गट वेगळे काढले. एकात दाह भडकलेला, दुसऱ्यात बेताचा. सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या औषधाची 540 रुग्णांवरची चाचणी 2014 मध्ये फुकट गेली होती. 2018 मध्ये तिच्याच आकड्यांत हे गट शोधले, तेव्हा भडकलेल्या गटात औषध मिळालेले रुग्ण जास्त वाचलेले दिसले. त्याच जातीतल्या रोसुव्हास्टॅटिनच्या चाचणीत मात्र तसं काही सापडलं नाही. त्यामुळे आता प्रयोगशाळांपुढचं काम थोडं वेगळं झालं आहे: आपल्या पिंजऱ्यातला उंदीर या दोन गटांपैकी कोणासारखा, हे औषध टोचण्याआधी रक्त तपासून ठरवायचं. आणि डुकरांसाठी खरोखरचा आयसीयू उभारून, भूल, व्हेंटिलेटर, अँटिबायोटिक, सलाइन आणि पाळीपाळीनं जागणारी माणसं लावून, दोन-तीन दिवस तो चालवायचा, इजा होऊन काही तास गेल्यावरच औषधाला हात घालायचा. अशी सोय आणि तेवढा पैसा असलेल्या प्रयोगशाळा जगात थोड्याच आहेत.